‘आळशी’ डोळ्याचा इतिहास : उपचार, उपपत्ती आणि वयोमर्यादा

प्रस्तावना

नेत्रव्यंगांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. तिरळा, चकणा, काणा, रातांधळा हे शब्द बोलीत रूढ आहेत आणि त्यांतले काही तर हिणवण्यासाठीच अधिक वापरले गेले आहेत. अमरकोशातही तिरळ्या माणसासाठी ‘केकर’ आणि ‘वलिर’ असे दोन शब्द आढळतात. ही सर्व व्यंगे एकतर दुसऱ्याच्या नजरेस पडतात किंवा ज्याची त्याला जाणवतात. याउलट, जो डोळा बाहेरून निर्दोष आहे, ज्याच्या आतील पडद्यावर तपासणीत काही सापडत नाही आणि तरीही ज्याला योग्य चष्मा लावूनसुद्धा स्पष्ट दिसत नाही, अशा डोळ्याला लोकभाषेने स्वतंत्र नाव दिलेले नाही. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे मुलाला काही उणे वाटत नाही आणि आईवडिलांच्या काही लक्षात येत नाही. ‘आळशी डोळा’ हा आज वापरात असलेला शब्दप्रयोग इंग्रजीच्या मागोमाग आला. वैद्यकशास्त्र याच स्थितीला ‘ॲम्ब्लिओपिया’ म्हणते. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ ‘बोथट दृष्टी’ असा आहे. त्यात आळसाचा आरोप नाही.

ही मंददृष्टी प्रामुख्याने तीन कारणांनी उद्भवते. एक डोळा तिरळा असणे, दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असणे, किंवा जन्मजात मोतीबिंदूमुळे अथवा खाली पडलेल्या पापणीमुळे एका डोळ्यात प्रकाशाची वाट अडणे. तिन्ही प्रसंगी बालपणात त्या डोळ्याकडून मेंदूला स्वच्छ किंवा जुळणारी प्रतिमा मिळत नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत हे प्रमाण साधारणतः १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान आढळते. उपचार सांगायला अगदी सोपा आहे. आधी चष्मा द्यावा आणि मग चांगला डोळा काही काळ झाकून ठेवून दुबळ्या डोळ्याला पाहायला लावावे.

प्रस्तुत लेखात या साध्या उपचाराच्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. वैद्यकाच्या इतिहासात सामान्यतः कारण आधी समजते आणि उपाय मागून येतो, अशी आपली धारणा असते. येथे क्रम उलटा आहे. डोळा झाकण्याची पद्धत पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ मूलतः तीच राहिली. तिच्यामागची उपपत्ती मात्र पुन्हापुन्हा बदलली. कधी दोष सवयीचा मानला गेला, कधी स्नायूचा, कधी भिंगाचा आणि अखेर मेंदूचा. प्रत्येक उपपत्तीबरोबर ‘कोणत्या वयापर्यंत उपचार करावा’ या प्रश्नाचे उत्तरही बदलत गेले, आणि त्या उत्तराची किंमत मुलांनी मोजली.

मुखवट्यांचा काळ

हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत ‘ॲम्ब्लिओपिया’ हा शब्द येतो, पण तो कोणत्याही प्रकारच्या अंधुक दृष्टीसाठी. तिरळेपणाचा विचार त्यापासून वेगळा होत असे. सातव्या शतकातील वैद्य एजिनाचा पॉल याने तिरळ्या बालकांना मुखवटा घालावा असे सुचवले. मुखवट्याला डोळ्यांच्या जागी छिद्रे असली की मूल सरळ समोर पाहू लागेल, ही त्यामागची कल्पना. १५८३ मध्ये जर्मन नेत्रवैद्य गेओर्ग बार्टिश याने प्रसिद्ध केलेल्या नेत्ररोगावरील ग्रंथात असे मुखवटे व टोप्या यांची काष्ठचित्रे आहेत. ती आज पाहिली तर शिक्षेच्या साधनांसारखी वाटतात. या उपायामागे तिरळेपणा ही वाईट सवय असल्याचे गृहीत होते आणि सवय मोडण्यासाठी बंधन घालावे, इतकेच त्यात होते.

नवव्या शतकातील साबित इब्न कुर्रा हा हर्रानचा, पुढे बगदादमध्ये कीर्ती मिळवलेला विद्वान. तिरळेपणात निरोगी डोळा झाकावा, असा सल्ला वैद्यकेतिहासाचे अभ्यासक त्याच्या नावावर नोंदवतात. हा धागा युरोपात पुढे सलगपणे पोहोचल्याचे दिसत नाही. एकच उपाय दोन ठिकाणी, शतकांच्या अंतराने, स्वतंत्रपणे सुचला असावा असेच मानणे सयुक्तिक ठरते.

तिरळेपणा सर्वत्र व्यंगच मानला गेला असेही नाही. सोळाव्या शतकात युकातान प्रदेशात असलेला स्पॅनिश धर्मगुरू दिएगो दे लांदा याने लिहून ठेवले आहे की, माया लोकांत डोळे नाकाकडे वळलेले असणे सौंदर्याचे लक्षण समजले जाई. माता मुलांच्या केसांना एक लहानशी वस्तू बांधून ती भुवयांच्या मध्ये लोंबत ठेवत, म्हणजे मूल सतत तिच्याकडे पाहील. युरोपात मुखवटा घालून जे सरळ करायचे, तेच येथे वस्तू लटकावून वळवायचे! दोन्ही समाजांचा विश्वास मात्र एकच होता, की बालकाच्या डोळ्याला वळण लावता येते.

बुफाँ आणि टेलर

अठराव्या शतकात हा प्रश्न प्रथमच मोजमापाच्या कक्षेत आला. ‘नॅचरल हिस्टरी’ या विशाल ग्रंथमालेमुळे प्रसिद्धी पावलेला फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ कोंत द बुफाँ याने १७४३ मध्ये, म्हणजे ती ग्रंथमाला सुरू होण्याच्या सहा वर्षे आधी, पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तिरळेपणाच्या कारणाविषयी एक निबंध मांडला. त्याची पद्धत साधी होती. तिरळ्या व्यक्तीचा एकेक डोळा झाकून तो दुसऱ्या डोळ्याची शक्ती स्वतंत्रपणे तपासे. तेव्हा त्याला आढळले की तिरळा डोळा बहुधा दुबळा असतो. यावरून त्याने मांडले की दोन डोळ्यांच्या शक्तीतील असमानता हेच तिरळेपणाचे कारण होय. दुबळ्या डोळ्याची अस्पष्ट प्रतिमा चांगल्या डोळ्याच्या स्पष्ट प्रतिमेत मिसळून गोंधळ करते, म्हणून मूल तो डोळा बाजूला वळवते.

बुफाँचा निष्कर्ष पूर्णतः बरोबर नव्हता. पुष्कळदा तिरळेपणा आधी आणि दुबळेपणा नंतर येतो, हे पुढे स्पष्ट झाले. तथापि त्याने सुचवलेला उपाय टिकला. चांगला डोळा काही दिवस बांधून ठेवावा, म्हणजे दुबळा डोळा कामाला लागून सुधारेल. असमानता फार मोठी असेल तर हा उपाय चालत नाही, हेही त्याने सांगितले. आपल्या उपायाची मर्यादा सांगणारा हा बहुधा या विषयातील पहिला लेखक असावा. त्याच्या काळातल्या नेत्रवैद्यांविषयी असे म्हणता येत नाही.

त्या नेत्रवैद्यांचा सर्वांत रंगतदार प्रतिनिधी म्हणजे इंग्लंडचा जॉन टेलर. स्वतःला ‘शेव्हालिए’ म्हणवणारा टेलर १७३६ मध्ये दुसऱ्या जॉर्ज राजाचा नेत्रवैद्य नेमला गेला होता आणि युरोपभर गावोगावी हिंडून, भाषणे ठोकून शस्त्रक्रिया करी. १७५० मध्ये लायप्झिग येथे त्याने संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली; बाख यांची दृष्टी परतली नाही आणि त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. तिरळेपणावरचा टेलरचा प्रयोग समकालीनांनी वर्णन करून ठेवला आहे. जमावासमोर तो तिरळ्या डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला लहानसा छेद देई आणि लगेच रुग्णाचा चांगला डोळा पट्टीने बंद करी. तिरळा डोळा क्षणात सरळ होई, लोक थक्क होत. पट्टी काही दिवस काढू नका असे बजावून, पैसे घेऊन, टेलर पुढच्या गावी जाई.

या चमत्कारात शस्त्रक्रियेचा काही संबंध नव्हता. चांगला डोळा झाकला की पाहण्याचे काम तिरळ्या डोळ्यावर येते आणि पाहण्यासाठी तो समोर वळतोच. त्या वेळी पट्टीखालचा डोळा तिरपा झालेला असतो, पण तो कोणाला दिसत नाही. आजही नेत्रचिकित्सक तिरळेपणा ओळखण्यासाठी एकेक डोळा झाकून दुसऱ्याची हालचाल पाहतात. म्हणजे बुफाँने ज्यावर उपचार उभारला, टेलरने ज्यावर धंदा चालवला आणि आजचे रुग्णालय ज्यावर निदान करते, ती वस्तुस्थिती एकच आहे. डोळा झाकण्याच्या उपायाला दीर्घकाळ मिळालेल्या अविश्वासात या फिरत्या वैद्यांचा वाटा किती, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरावा.

सुरीचे युग

एकोणिसाव्या शतकात दोषाचे स्थान स्नायूकडे सरकले. वाकड्या पावलांवर स्नायुबंध कापून उपचार करणारा हॅनोवरचा शल्यवैद्य श्ट्रोमायर याने १८३८ मध्ये हीच पद्धत डोळ्याच्या स्नायूंना लावता येईल असे सुचवले. त्याने ती केवळ मृतदेहावर करून पाहिली होती. २६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिनमध्ये योहान फ्रीडरिश डीफेनबाख याने सात वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याचा नाकाकडील स्नायू कापला आणि डोळा सरळ झाला. इथरचा भूल म्हणून जाहीर वापर १८४६ मध्ये झाला. म्हणजे ही शस्त्रक्रिया मूल शुद्धीवर असतानाच झाली.

त्यानंतर युरोपभर या शस्त्रक्रियेची अक्षरशः साथ पसरली. काही महिन्यांतच शेकडो डोळ्यांवर सुरी चालली. स्नायू पूर्ण तोडल्यामुळे तो मागे सरके आणि कालांतराने पुष्कळ रुग्णांचा डोळा उलट बाजूला, कानाकडे, वळे. नाकाकडचा तिरळेपणा जाऊन कानाकडचा येणे, हा लाभ म्हणता येणार नाही. १८५० च्या दशकात आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे याने पद्धतीत सुधारणा केल्यावर शस्त्रक्रियेला स्थिर रूप आले. पण मूळ प्रश्न उरलाच. डोळा सरळ झाला तरी त्याची मंददृष्टी सुधारत नव्हती. दिसायला सरळ आणि पाहायला दुबळा असा डोळा घेऊन रुग्ण घरी जाई, आणि व्यंग ‘दिसेनासे’ झाल्यामुळे उपचार संपला असे सर्वांनाच वाटे. ही समजूत आपल्याकडे आजही आढळते.

वजाबाकीने घडलेली व्याख्या

१८५१ मध्ये हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने नेत्रदर्शक उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा प्रथमच पाहता आला. तोवर ‘ॲम्ब्लिओपिया’ ही एक मोठी अडगळीची खोली होती. कारण न कळलेली प्रत्येक अंधुक दृष्टी तीत टाकली जाई. आता काचबिंदू, पडदा सुटणे, दृक्‌चेतेचे विकार हे एकेक करून बाहेर काढले गेले. १८६२ मध्ये उत्रेख्त येथील हर्मान स्नेलेन याने अक्षरांचा तक्ता तयार केला, त्यामुळे दृष्टी आकड्यांत मांडता आली. १८६४ मध्ये त्याचा वरिष्ठ सहकारी फ्रान्सिस्कस डोंडर्स याचा डोळ्याच्या समायोजन व वक्रीभवनदोषांवरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि चष्म्याने सुधारणारी अंधुकताही त्या खोलीतून बाहेर पडली. सर्व कारणे वजा केल्यावर जे उरले, ते म्हणजे आजचा ‘आळशी डोळा’. ज्यात रुग्णाला फारसे काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही ती ॲम्ब्लिओपिया, अशी एक मिस्कील व्याख्या फॉन ग्रेफेच्या नावावर सांगितली जाते. ती विनोदी असली तरी ऐतिहासिकदृष्ट्या चोख आहे.

डोंडर्सचे आणखी एक मोठे श्रेय आहे. दूरदृष्टिता असलेल्या मुलाला दूरचे पाहण्यासाठीही डोळ्यावर ताण द्यावा लागतो. हा ताण आणि दोन्ही डोळे आत वळणे या क्रिया एकमेकींशी जोडलेल्या असल्याने एक डोळा नाकाकडे वळू लागतो. अशा मुलाला योग्य बहिर्गोल भिंगांचा चष्मा दिला तर डोळा सुरीशिवाय सरळ होऊ शकतो. स्नायूवरचा आरोप येथे मोठ्या प्रमाणात मागे घेतला गेला.

मंददृष्टी जन्मजात असते की वापर न झाल्यामुळे येते, हा वाद मात्र शतकभर चालला. ती जन्मजात असेल तर डोळा झाकणे व्यर्थ. वापराअभावी आलेली असेल तर झाकणे आवश्यक. या वादात फ्रान्सच्या लुई एमिल झावाल याने (१८३९–१९०७) व्यवहाराच्या बाजूने कौल दिला. त्याच्या वडिलांचे व बहिणीचे डोळे तिरळे होते. खाणकाम अभियंता असलेला हा गृहस्थ या घरगुती कारणाने वैद्यकाकडे वळला. चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ मध्ये वर्णिलेले स्टिरिओस्कोप हे उपकरण (दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवून खोलीचा भास निर्माण करणारे) त्याने उपचारासाठी वापरले. आधी डोळा झाकणे, मग दोन्ही डोळ्यांना एकत्र पाहायला शिकवणे, असा त्याचा क्रम होता. १८९६ मध्ये त्याचा तिरळेपणावरील ग्रंथ आला. त्यानंतर काही वर्षांतच काचबिंदूने तो स्वतः पूर्ण अंध झाला, आणि अंधांसाठी एक पुस्तक लिहून त्याने आपले काम चालू ठेवले.

लंडनमध्ये क्लॉड वर्थ याने १९०३ च्या आपल्या ग्रंथात लवकर उपचाराचा जोरदार आग्रह धरला. पट्टी न ठेवणाऱ्या मुलांसाठी चांगल्या डोळ्यात ॲट्रोपीनचे थेंब घालून त्याची जवळची दृष्टी अंधुक करण्याची युक्तीही त्याने सांगितली. बेलाडोना वनस्पतीतील हे द्रव्य आपल्याकडच्या धोतऱ्यातही असते. १९२० च्या दशकात मेरी मॅडॉक्स हिने लंडनमध्ये अशा मुलांना नेत्रव्यायाम देण्याचे काम सुरू केले आणि त्यातून ‘ऑर्थोप्टिस्ट’ हा व्यवसाय आकाराला आला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमध्ये बांगेर्टर व जर्मनीत क्युपर्स यांनी प्रखर प्रकाशाच्या उपकरणांनी दुबळ्या डोळ्याला ‘शिकवण्याची’ पद्धत रूढ केली. ती महाग आणि वेळखाऊ होती, आणि काही वर्षांत मागे पडली.

मांजराची पिल्ले

निर्णायक वळण आले ते नेत्रचिकित्सालयातून नव्हे, तर शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेतून. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल हे हार्वर्ड येथे मांजराच्या मेंदूतील दृष्टिकेंद्राच्या पेशींचा अभ्यास करीत होते. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोठेपणी झालेल्या माणसांना भिंगाची वाट मोकळी होऊनही नीट का दिसत नाही, हा जुना प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी मांजराच्या पिल्लांची एक पापणी डोळे उघडण्याच्या सुमारास शिवून बंद केली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या डोळ्याचा दृष्टिपटल सर्वसाधारणपणे काम करीत होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील जवळजवळ एकही पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देत नव्हती. प्रौढ मांजरावर तोच प्रयोग केल्यास असा परिणाम होत नव्हता.

१९६५ मधील पुढचे प्रयोग अधिक सूचक होते. दोन्ही पापण्या शिवल्या, तर अपेक्षेइतके नुकसान झाले नाही. एक स्नायू कापून पिल्लू तिरळे केले, तर प्रत्येक डोळ्याला स्वतंत्रपणे प्रतिसाद देणाऱ्या पेशी राहिल्या, पण दोन्हींना एकत्र प्रतिसाद देणाऱ्या पेशी फार कमी झाल्या. म्हणजे केवळ वापर न होणे हे कारण पुरेसे नाही. दोन डोळ्यांमध्ये मेंदूतील जागेसाठी स्पर्धा असते आणि बालपणी जो हरतो त्याची जागा दुसरा घेतो. ‘आळशी’ हे विशेषण येथे उघडेच पडते. डोळ्याने काम टाळलेले नसते. त्याची जागा दुसऱ्याने व्यापलेली असते. पट्टी लावणे म्हणजे व्यायाम नव्हे, तर जिंकलेल्या डोळ्याला काही तास स्पर्धेतून बाहेर ठेवणे होय. बुफाँच्या उपायाला सव्वादोनशे वर्षांनी असा खुलासा मिळाला. १९८१ मध्ये ह्यूबेल व वीझेल यांना रॉजर स्पेरी यांच्यासह नोबेल पारितोषिक देण्यात आले. पिल्लांच्या पापण्या शिवण्याच्या प्रयोगांविरुद्ध १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये तीव्र आंदोलने झाली, हेही या इतिहासात नोंदवले पाहिजे.

या संशोधनाचा थेट लाभ जन्मजात मोतीबिंदूच्या बालकांना झाला. पूर्वी मूल मोठे होईपर्यंत थांबण्याचा प्रघात होता. आता अशी शस्त्रक्रिया पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत करण्याकडे कल असतो. मात्र याच संशोधनाची एक अनपेक्षित बाजूही होती. पिल्लामध्ये आढळलेला ‘निर्णायक काळ’ साधारणतः चौथ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचा. माणसाच्या बाबतीत ही मर्यादा सात, आठ किंवा नऊ वर्षे अशी ढोबळपणे ठरवली गेली आणि पाठ्यपुस्तकांतून ती नियमासारखी उतरली. दहाव्या वर्षी दोष उघडकीस आलेल्या मुलाच्या पालकांना ‘आता उशीर झाला’ असे सांगून परत पाठवले जाऊ लागले. प्रयोगशाळेतील निरीक्षण आणि चिकित्सालयातील नियम यांच्यामध्ये जो पुरावा हवा, तो मात्र कोणी गोळा केलेला नव्हता.

पुराव्याचा प्रश्न

१९९७ मध्ये ब्रिटनमध्ये शाळापूर्व दृष्टितपासणीविषयी एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला आणि नेत्रवैद्यकात खळबळ उडाली. आढाव्याचा निष्कर्ष असा होता की, मंददृष्टीवरील उपचार हे उपचार न करण्यापेक्षा अधिक गुणकारी आहेत हे दाखवणारा काटेकोर पुरावा उपलब्ध नाही. अडीचशे वर्षे चाललेल्या उपचाराची नियंत्रित चाचणी कधी झालीच नव्हती! उपचार चालतो हे सर्वांना ‘माहीत’ असल्यामुळे काही मुलांना तो न देणे अनैतिक समजले जाई, आणि चाचणी न झाल्यामुळे तो किती चालतो हे कोणालाच माहीत नव्हते. आढाव्याने नेत्रवैद्यांचा रोष ओढवून घेतला, पण त्याचा प्रश्न न्याय्य होता असेच आज म्हणावे लागते.

उत्तरे लवकरच आली. २००३ मध्ये ब्रिटनमधील तीन ते पाच वर्षांच्या १७७ मुलांवरील चाचणीत काहींना चष्मा व पट्टी, काहींना केवळ चष्मा आणि काहींना वर्षभर काहीच नाही, असे गट करण्यात आले. मध्यम प्रतीच्या मंददृष्टीत उपचाराचा स्पष्ट लाभ दिसला, सौम्य प्रकारात तो नगण्य होता. आणि वर्षभर थांबलेल्या मुलांचे अंतिमतः नुकसान झालेले आढळले नाही. अमेरिकेतील बालनेत्ररोग संशोधकांच्या गटाने २००२ मध्ये सात वर्षांखालील ४१९ मुलांवरील चाचणीत दाखवले की, वर्थने सुचवलेले ॲट्रोपीन सहा महिन्यांत जवळजवळ पट्टीइतकेच काम करते. २००३ मध्ये १८९ मुलांवर दिवसाला दोन तास पट्टी आणि सहा तास पट्टी यांची तुलना झाली. मध्यम मंददृष्टीत चार महिन्यांनी दोन्ही गटांची सुधारणा सारखीच होती. शाळेत दिवसभर पट्टी लावून बसणाऱ्या, चिडवले जाणाऱ्या मुलांच्या कितीतरी पिढ्यांचा विचार करता हा लहानसा निष्कर्ष फार मोठा ठरतो. ब्रिटनमध्ये पट्टीत बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदणीयंत्रांनी असेही दाखवले की मुले प्रत्यक्षात सांगितलेल्या वेळेच्या निम्म्याच्या आसपासच पट्टी ठेवतात, आणि निव्वळ चष्म्यानेच पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ सुधारणा होते.

वयोमर्यादेला धक्का बसला तो २००५ मध्ये. अमेरिकेतील त्याच गटाने ७ ते १७ वर्षांच्या ५०७ मुलांचा अभ्यास केला. सात ते बारा वर्षांच्या मुलांत चष्म्याबरोबर पट्टी व ॲट्रोपीन दिलेल्या गटात ५३ टक्के मुलांची दृष्टी लक्षणीय सुधारली. केवळ चष्मा दिलेल्या गटात हे प्रमाण २५ टक्के होते. तेरा ते सतरा वर्षांच्या एकूण मुलांत फारसा फरक नव्हता, पण ज्यांच्यावर पूर्वी कधीच उपचार झाले नव्हते त्यांच्यात तो दिसून आला (४७ विरुद्ध २० टक्के). दार वयाबरोबर हळूहळू लोटले जाते, एका वाढदिवसाला धाडकन बंद होत नाही, इतके यातून निश्चित झाले. तरीही लहान वयातील उपचारच अधिक फलदायी, ही गोष्ट या अभ्यासाने खोडलेली नाही. तिचा सोयीस्कर विसर पडू नये.

दोन्ही डोळ्यांच्या एकत्रित दृष्टीबाबतही असेच घडले. बालपणी तिरळ्या असलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या अमेरिकन मज्जाशास्त्रज्ञ सुझन बॅरी यांना वयाच्या ४८ व्या वर्षी दृष्टिव्यायामानंतर प्रथमच खोलीची जाणीव झाली. ऑलिव्हर सॅक्स यांनी २००६ मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि २००९ मध्ये बॅरी यांनी स्वतः पुस्तक लिहिले. एका व्यक्तीच्या अनुभवावरून नियम काढता येत नाही, परंतु नियम मोडण्यासाठी तो पुरेसा असतो. अलीकडे दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रे दाखवणाऱ्या डिजिटल उपकरणांना अमेरिकेत २०२१ पासून मान्यता मिळू लागली आहे. व्हीटस्टन आणि झावाल यांचीच कल्पना तेथे नव्या साधनांतून परत आली आहे.

भारतीय संदर्भ

उशिरा मिळालेल्या दृष्टीचा अभ्यास करण्यासाठी जगाला भारतात यावे लागले, ही गोष्ट अभिमानाची नाही. जन्मजात मोतीबिंदू असूनही आठ-दहा वर्षांपर्यंत शस्त्रक्रिया न झालेली मुले येथे सापडत, म्हणून पवन सिन्हा यांनी दिल्लीतील एका धर्मादाय नेत्ररुग्णालयाच्या सहकार्याने ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. त्यात मुलांवर शस्त्रक्रियाही होतात आणि त्यांच्या दृष्टीचा अभ्यासही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची नोंद आहे. शस्त्रक्रियेनंतर लगेच ही मुले हाताने चाचपलेली वस्तू केवळ डोळ्यांनी ओळखू शकली नाहीत. मात्र काही दिवसांतच हे कौशल्य त्यांना येऊ लागले. जन्मांधाला अचानक दृष्टी आल्यास स्पर्शाने परिचित गोल आणि घन तो केवळ पाहून ओळखेल काय, हा मॉलिनो याने सतराव्या शतकात जॉन लॉक याला विचारलेला प्रश्न अशा रीतीने उत्तर भारतातील खेड्यांतून आलेल्या मुलांनी सोडवला. ‘निर्णायक काळ’ उलटलेला मेंदूही शिकतो, हे त्यातून दिसते.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत शालेय दृष्टितपासणी दीर्घकाळ प्रामुख्याने १० ते १४ या वयोगटावर केंद्रित राहिली. शाळेतील फळा न दिसणे, म्हणजे निकटदृष्टिता, या वयात वाढते. त्यासाठी हा वयोगट योग्यच होता. मंददृष्टीच्या दृष्टीने मात्र तो वरील सर्व इतिहासाच्या नेमका विरुद्ध पडतो. वयोमर्यादेचा नियम कडक मानणाऱ्या काळात तर या तपासणीत आढळलेल्या मुलाला उपचाराबाहेरच ठेवले जाण्याचा संभव अधिक. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अपेक्षित आहे. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा. जन्मजात मोतीबिंदू व दृष्टिदोष हे त्याच्या यादीत आहेत.

तीन-चार वर्षांच्या मुलाला अक्षरे वाचता येत नाहीत. त्याच्यासाठी चित्रांचे किंवा दिशा दाखवून सांगण्याच्या खुणांचे तक्ते असतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून हे मूल तक्ता बिनचूक सांगते, कारण त्याचा चांगला डोळा सारे काम उरकतो. तपासणाऱ्याने एकेक डोळा स्वतंत्रपणे झाकून, आणि तोही मुलाच्या सैल बोटांनी नव्हे तर नीट झाकून पाहिले, तरच फरक समोर येतो. १७४३ मध्ये बुफाँने तिरळ्यांच्या डोळ्यांची तुलना केली ती याच रीतीने.